उचल आणि पगार

2012 च्या पावसाळ्यात एक बाई माझ्या ऑफिसात आल्या. हिंजवडीतल्या आयटी कंपनीतली अकरा वर्षांची नोकरी सोडून त्यांना चार महिने झाले होते. पिशवीतून त्यांनी थालीपिठाच्या भाजणीची दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली आणि पाठोपाठ एक शंभरपानी वही. वहीत सगळं नीट मांडलेलं होतं : ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, गॅस, दळणाचे पैसे, पाकिटं, रिक्षा. तळाशी किलोमागचा नफा.

"निवडणं, भाजणं, पाकिटं भरणं कोण करतं?" मी विचारलं.

"मीच की."

"मग तुमची मजुरी कुठे धरलीय?"

"माझं काय मॅडम, मी घरचीच!"

नोकरीत असताना याच बाई माणशी तासांचा हिशेब मांडून परदेशी ग्राहकाला बिल पाठवत होत्या. स्वतःच्या वहीत मात्र त्यांचा एकही तास नव्हता.

मी पुण्यात सीए आहे. गेल्या बारा-तेरा वर्षांत चांगल्या पगाराची नोकरी सोडून धंद्यात उतरलेल्या अनेक जणींचे हिशेब माझ्या हातून गेले. कोणी लहान मुलांचे कपडे शिवून घेतं, कोणी कंपन्यांना माणसं शोधून देतं, कोणी डबे पुरवतं. या काळाकडे वळून बघताना एक गोष्ट राहून राहून समोर येते. यातल्या बहुतेकींनी जोखीम घेतली, कष्ट घेतले, घर सांभाळलं, फक्त स्वतःच्या कामाचं मोल लावलं नाही.

नोकरी का सोडली, याचं उत्तर पहिल्या भेटीत बहुधा 'स्वतःचं काहीतरी करायचं होतं' असं येतं. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मुलाचं पाळणाघर, अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री दहाला लागणारे कॉल आणि बाळंतपणानंतर हातातून गेलेली बढती बाहेर येते. तेव्हा बाळंतपणाची भरपगारी रजा 12 आठवड्यांची होती. 2017 मध्ये कायदा बदलला. पहिल्या दोन मुलांसाठी ती 26 आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झालं. पण रजेचा सगळा खर्च मालकाच्या माथी राहिला आणि सत्ताविसाव्या आठवड्याचं काय, हा प्रश्न घराघरात तसाच उरला.

ज्या वर्षी भाजणीवाल्या बाई आल्या, त्याच वर्षी मुंबईत फाल्गुनी नायर यांनी कोटक महिंद्र कॅपिटलचं व्यवस्थापकीय संचालकपद सोडून 'नायका' सुरू केली. तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आली होती. 10 नोव्हेंबर 2021 रोजी त्यांच्या कंपनीचे शेअर बाजारात नोंदले गेले आणि पुढचे कितीतरी दिवस माझ्याकडे येणारी प्रत्येक जण त्यांचं नाव घेत होती. बंगळुरूत इन्फोसिस सोडून जयंती कठाळे यांनी 'पूर्णब्रह्म' उभं केलं, नऊवारीत वावरत मराठी जेवण वाढलं. या उदाहरणांनी बळ दिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण नायर यांच्या पाठीशी गुंतवणूक बँकिंगमधली जवळपास दोन दशकं होती आणि सुरुवातीचं भांडवल घरचं होतं. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या बाईचं भांडवल म्हणजे तिचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी. म्हातारपणाची पुंजी मोडून तिने कणीक मळायचं यंत्र घेतलेलं असतं.

पीएफ संपला की बँक. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेने 2010 मध्ये दंडक घातला होता. तरी एका बँकेत माझ्या अशील बाईंना पहिला प्रश्न आला, "फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?" फ्लॅट नवऱ्याच्या नावावर होता, हप्ते मात्र दहा वर्षं दोघांच्या पगारातून गेले होते. 2015 मध्ये मुद्रा योजना आली. 2016 मध्ये 'स्टँडअप इंडिया' आली, त्यात 10 लाख ते 1 कोटीपर्यंतचं कर्ज प्रत्येक शाखेने किमान एका महिलेला द्यावं असं ठरलं. दारं किलकिली झाली. पण भागीदारी किंवा कंपनी असेल तर बाईचा हिस्सा 51 टक्के हवा, या अटीपायी फक्त सहीपुरत्या मालकिणीही तयार झाल्या. अशी कागदपत्रं घेऊन आलेल्या दोन कुटुंबांना मी परत पाठवलं.

आता पुन्हा त्या वहीकडे. बहुतेक जणी प्रोप्रायटरशिपने सुरुवात करतात, कारण ती सोपी आणि स्वस्त. पण तिथे धंदा आणि मालक कायद्याने एकच. मालकिणीने महिन्याला घेतलेले पैसे खर्चात धरता येत नाहीत, ती 'उचल' होते. शब्दच बघा. चौदा तास राबलेली बाई स्वतःच्याच धंद्यातून जणू उसने पैसे उचलते! म्हणून मी एक कागद वेगळा करायला लावते, करासाठी नव्हे, भाव ठरवण्यासाठी : या कामाला माणूस ठेवला असता तर किती द्यावे लागले असते? त्या दिवशी भाजणीचा तो कागद पुरा केला, तेव्हा किलोमागे नफा नव्हता, तोटा होता.

स्वतःची मजुरी वेगळी धरायची असते, ही गोष्ट मुंबईत गिरगावातल्या बायकांना खूप आधी कळली होती. 1959 मध्ये सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे लाटण्याच्या मजुरीला 'वणाई' म्हणतात. जेवढे पापड लाटाल तेवढी वणाई. नफ्यातला वाटा वेगळा, मजुरी वेगळी. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना खानावळीचं जेवण देणाऱ्या बायकांना 'अन्नपूर्णा'च्या रूपाने एकत्र आणलं, तेव्हाही घरच्या स्वयंपाकाला कामाचा दर्जा मिळवून देणं हेच मुळाशी होतं. त्या बायकांनी पगाराची पावती कधी पाहिली नव्हती. पाहिलेल्या आपण मात्र ती विसरलो.

2013 च्या कंपनी कायद्याने एका व्यक्तीची कंपनी काढायची सोय केली. 2021 मध्ये तिच्यावरची भांडवल आणि उलाढालीची मर्यादाही गेली. ऑडिटचा, नोंदणीचा खर्च वाढतो, त्यामुळे मी सरसकट सगळ्यांना ती सुचवत नाही. पण कंपनी वेगळी झाली की ती मालकिणीला पगार देऊ शकते.

टाळेबंदीत काहींचं दुकान बंद झालं. दोघी पुन्हा नोकरीत गेल्या. त्यातली एक मला म्हणाली, "हरले का हो मी?" मी तिला तिचा तीन वर्षांचा ताळेबंद दाखवला. कर्ज फिटलं होतं, पुरवठादारांची देणी शून्य होती. असा हिशेब मागे ठेवून जाणाऱ्याला हरलेला म्हणत नाहीत.

भाजणीवाल्या बाई टिकल्या. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी भाव वाढवला, काही गिऱ्हाइकं गेली, उरली ती राहिली. पुढे कंपनी झाली, सहा जणी कामाला आल्या. यंदा मार्चअखेर त्यांचे हिशेब बघताना 'संचालकांचा पगार' या ओळीवर मी नेहमीसारखी खूण केली आणि खालच्या ओळीवर थांबले. मजुरीच्या यादीत एक नवं नाव होतं, आडनाव त्यांचंच.

"या कोण?"

"सासूबाई. बारा वर्षं धान्य त्याच निवडतायत. एप्रिलपासून दरमहा खात्यात टाकते. पासबुक भरून आणायला स्वतः बँकेत जातात आता."