ज्ञानगंगा घरोघरी नेणारे कुलगुरू

व्यापारी कुटुंबांत शिक्षणाविषयी आस्था नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. तरीही एक पिढी अशी होऊन गेली, की वडिलांची प्रकृती बिघडली म्हणून थोरल्या मुलाने कॉलेज सोडून दुकानाची गादी सांभाळली आणि परीक्षेआधीच लग्न ठरले म्हणून मुलीची पदवी अर्धवट राहिली. बुद्धी होती, इच्छाही होती. नव्हती ती सकाळी वर्गात जाऊन बसण्याची सवड. अशा माणसांसाठी महाराष्ट्रात विद्यापीठाचे दार ज्यांनी उघडले, त्यांत प्रा. राम ताकवले यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

ताकवले मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पी. एस. पुराणिक यांच्यासह त्यांनी अभिजात यामिकीवर लिहिलेले इंग्रजी पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासले. १९७८ ते १९८४ या काळात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. संलग्न महाविद्यालये, ठरलेले वेळापत्रक, परीक्षांचे मोठे यंत्र असा तो प्रस्थापित संसार होता. १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या कुलगुरुपदाची धुरा त्यांनी स्वीकारली. चालती पेढी सांभाळणे वेगळे आणि नव्या जागी नवी पेढी उभी करणे वेगळे, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको.

घरबसल्या पदवीची कल्पना तेव्हा नवी नव्हती. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्येच पत्रद्वारा शिक्षण सुरू केले होते. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. आपल्याकडे १९८२ साली आंध्र प्रदेशात आणि १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ उभे राहिले. या दोन्ही संस्थांचे पहिले कुलगुरू प्रा. जी. राम रेड्डी होते. पत्रद्वारा शिक्षणात बहुधा वर्गातील टिपणेच टपालाने पाठविली जात. मुक्त विद्यापीठाने मात्र शिकविण्याची रीतच बदलली.

वर्गात शिक्षकाला विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरील गोंधळ दिसतो आणि तो पुन्हा समजावून सांगतो. पुस्तकाला ती सोय नाही. म्हणून विद्यार्थी कोठे अडेल, याचा विचार लिहितानाच करावा लागतो. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये स्वतःची परीक्षा घेणारे प्रश्न, शेवटी उत्तरांच्या दिशा, अशी ही स्वयंअध्ययनाची पुस्तके असतात. त्यांच्या जोडीला गावातील महाविद्यालयातच चालणारे अभ्यासकेंद्र आणि तेथील मार्गदर्शक. नाशिकच्या विद्यापीठाने ही व्यवस्था मराठीत उभी केली, शेतीसारखे व्यवसायाशी निगडित विषय घेतले आणि शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांना पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या वाटेने पदवीकडे वळता येईल अशी सोय केली. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीदवाक्य त्या व्यवस्थेचे नेमके वर्णन होते.

१९९५ मध्ये ताकवले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तेथे कार्यक्षेत्र साऱ्या देशाचे होते. ध्वनिफिती, दूरदर्शनवरील पाठ आणि उपग्रहाद्वारे होणाऱ्या दूरपरिषदा ही त्या काळची साधने. दिल्लीतील स्टुडिओत बसलेला प्राध्यापक दूरच्या केंद्रावरील पडद्यावर दिसे आणि विद्यार्थी दूरध्वनीवरून त्याला प्रश्न विचारू शकत. पुढे संगणक आणि इंटरनेट आले, तेव्हाही ताकवले त्यांचे आग्रही पुरस्कर्ते राहिले.

या शिक्षणाचे अर्थशास्त्र समजून घेतल्याखेरीज अशा संस्थेच्या प्रमुखाची कसोटी कळणार नाही. नेहमीच्या महाविद्यालयात विद्यार्थी वाढले की वर्गखोल्या आणि शिक्षक वाढवावे लागतात. दूरशिक्षणात पुस्तके, पाठ आणि यंत्रणा यांचा स्थिर खर्च आरंभीच मोठा असतो. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागचा वाढीव खर्च थोडा. यातच त्याचे बळ आहे आणि धोकाही. प्रवेश वाढवीत जावे आणि मार्गदर्शन, गृहपाठाची तपासणी, शंकानिरसन यांत काटकसर करावी, हा मोह सहज होतो. मग प्रवेशाचे आकडे फुगतात आणि विद्यार्थी मध्येच गळतात. माल रवाना झाला म्हणजे उधारी वसूल झाली असे नव्हे. तसेच पुस्तक घरी पोहोचले म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. तंत्रज्ञानाने वाचलेला पैसा विद्यार्थ्याच्या सोबतीवर खर्च झाला, तरच ते तंत्रज्ञान कारणी लागले.

हा विचार आज अधिक महत्त्वाचा आहे. २०२० च्या टाळेबंदीत भ्रमणध्वनीवर वर्ग भरले आणि तेच दूरशिक्षण, असा अनेकांचा समज झाला. वस्तुतः वर्गातील व्याख्यान पडद्यावर दाखविणे ही केवळ वाहतूक झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले, की मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरशिक्षण आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या तोडीच्या मानल्या जातील. पण ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द ध्यानात ठेवावा. फी भरण्यापूर्वी संस्थेला आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला, त्या वर्षासाठी, आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे काय, हे आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावे. कर्ज देताना बँक जशी मूळ कागदपत्रे पाहते, तशीच ही दक्षता.

दुसरी दक्षता घरातील मंडळींनी घ्यावयाची आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या हिशेबात १ श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे सुमारे ३० तासांचे अध्ययन. ४ श्रेयांकांच्या एका विषयाला १२० तास लागतात. रोज १ तास दिला तर ४ महिने. हा तास कोणतेही विद्यापीठ घरी आणून देऊ शकत नाही. तो सुनेला सासूबाईंनी, मुलाला वडिलांनी आणि दुकानातील धाकट्या भावाला थोरल्याने मोकळा करून द्यावयाचा असतो.

मे २०२३ मध्ये ताकवले यांचे निधन झाले. त्यांनी ज्या कार्याला आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे वाहिली, त्यामुळे विद्यापीठ उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचले आहे. त्याला आत घेणे घरातील मंडळींच्या हाती आहे.