जुना मोबाईल हवा, पण नवा: एका इच्छेचा संशोधन-प्रश्न कसा करायचा?

पेट किंवा सेटची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक वाक्य हल्ली वरचेवर ऐकू येतं. "मॅडम, मला तो जुना बटणांचा मोबाईल पाहिजे. पण जरा नवा." जरा नवा म्हणजे काय, असं विचारलं की यादी सुरू होते. ओटीपी यायला हवा, फोरजी चाललं पाहिजे, पैसे पाठवता आले पाहिजेत, मॅप असला तर बरं. आणि व्हॉट्सॲप? तिथे सगळे थोडे गप्प होतात. कारण विभागाच्या सूचना ग्रुपवरच येतात आणि गाईडचं "ग्रुपवर टाकलंय" हे वाक्य तुम्हाला जळगावात ऐकायला मिळेल तसंच धुळ्यातही.

ही इच्छा मला हसण्यावारी न्यायची नाही. संशोधनाला सुरुवात करणाऱ्याला सरावासाठी इतका चांगला विषय सहसा सापडत नाही, कारण इथे "मला वाटतं" भरपूर आहे आणि त्यातलं किती तपासता येईल हे कोणी पाहिलेलं नसतं. तर आज तेच करू. आधी ते जुनं यंत्र उघडून बघू, मग इच्छेकडे येऊ.

सुरुवात पेजरपासून. भारतात पेजर आला १९९५ मध्ये. त्याच वर्षी ३१ जुलैला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. तरीही पेजरला काही वर्षं मिळाली, कारण तेव्हा मोबाईलवर आलेल्या कॉलचेही पैसे लागायचे. पेजरवर नंबर यायचा, माणूस जवळच्या एसटीडी बूथवर जायचा आणि फोन लावायचा. इनकमिंग फुकट झालं २००३ साली. त्यानंतर पेजरला कारणच उरलं नाही.

पेजर एका पेन्सिल सेलवर काही आठवडे चालायचा, ही आठवण बहुतेकांकडे असते. "तेव्हाच्या वस्तूच दणकट होत्या" असं लोक त्याचं कारण सांगतात. खरं कारण वेगळं आहे आणि फार सुंदर आहे. पेजरच्या बऱ्याच सेवा पॉकसॅग नावाच्या संकेतावर चालत. या संकेतात संदेशांचा एक गठ्ठा जातो आणि त्यात आठ चौकटी असतात. प्रत्येक पेजरला एक पत्ता दिलेला असतो. त्या पत्त्याचे शेवटचे तीन बिट ठरवतात की तुमचा संदेश आला तर तो कितव्या चौकटीत येणार (तीन बिट, म्हणजे आठ शक्यता). म्हणून पेजर एक चौकट ऐकतो आणि उरलेल्या सात चौकटी झोपून काढतो. आपली गाडी कुठल्या फलाटावर लागते हे माहीत असलेला माणूस स्टँडभर फिरत नाही, तसंच. सेल कुठल्याही कंपनीचा असो, बचत या वेळापत्रकातून यायची.

दुसरी गोष्ट. साधा पेजर फक्त ऐकायचा, बोलायचा नाही. तुम्ही कुठे आहात हे नेटवर्कला कळायचं नाही, म्हणून संदेश सगळ्या टॉवरवरून एकदम सोडला जायचा. संदेश पोचला का, वाचला का, हेही पाठवणाऱ्याला कळत नसे. आज ज्याला आपण "निळ्या टिकांपासून सुटका" म्हणतो ती पेजरवर आपोआप होती. पण याच रचनेची दुसरी बाजू सांगायला हवी: संदेश उघड्यावर जायचा. योग्य रिसीव्हर असलेल्या कोणालाही तो वाचता आला असता. जुन्या यंत्रात खासगीपणा जास्त होता असं म्हणणाऱ्याला मी लगेच विचारते, कोणापासून खासगी? पाठवणाऱ्यापासून, की चोरून ऐकणाऱ्यापासून? हे दोन वेगळे चल आहेत आणि ते एकाच शब्दात कोंबले की पुढचं सगळं संशोधन घसरतं.

आणि गंमत अशी की पेजर गेला, पण पेजिंग राहिलं. तुमच्या खिशातला फोरजी किंवा फाईव्हजी फोनसुद्धा ठरलेल्या क्षणी जागा होतो, माझ्यासाठी काही आहे का ते ऐकतो आणि पुन्हा झोपतो. याला आजही पेजिंगच म्हणतात. म्हणजे झोपायची विद्या नव्या फोनलाही येते. त्याला जागं ठेवतात ते स्क्रीन आणि पाठीमागे चालणारी ॲप्स.

आता एसएमएस. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ या इंजिनिअरने नाताळच्या शुभेच्छा म्हणून पाठवला. कॉल जोडण्यासाठी फोन आणि टॉवर यांच्यात जी नियंत्रणाची वाहिनी असते तिच्यातच हा संदेश बसवला होता, म्हणून तो लहान ठेवावा लागला: १४० बाइट. रोमन अक्षराला ७ बिट लागतात. १४० गुणिले ८, भागिले ७, बरोबर १६०. सगळ्या जगाला पाठ असलेला १६० चा आकडा असा आला.

पण आपली देवनागरी या ७ बिटांच्या तक्त्यात नाही. तिला प्रत्येक चिन्हामागे १६ बिट द्यावे लागतात, आणि मग त्याच १४० बाइटमध्ये मावतात फक्त ७० चिन्हं. चिन्हं म्हणतेय, अक्षरं नाही. काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'विद्यार्थी' हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, फोनला तो दहा चिन्हांचा. (पायथन येत असेल तर या शब्दाची लांबी काढून बघा, दहाच येईल.)

एक उदाहरण मोजू. "मी जळगावला पोचले, सहाच्या एसटीने धुळ्याला येते. रात्री घरी थांबेन, जेवण ठेव." हे मोकळ्या जागांसह ७६ चिन्हांचं आहे, म्हणजे ७० च्या वर. अशा वेळी संदेशाचे दोन तुकडे होतात, आणि ते पुन्हा जोडता यावेत म्हणून प्रत्येक तुकड्यातली ६ बाइट जागा शीर्षकाला जाते. मग एका तुकड्यात ६७ चिन्हं उरतात. वरच्या वाक्यात ६७ वं चिन्ह स्वल्पविरामानंतरची मोकळी जागा आहे. म्हणजे पहिल्या एसएमएसमध्ये येणारी पोरगी, आणि दुसऱ्यात, पुन्हा पैसे मोजून, "जेवण ठेव." रोमन लिपीत हाच मजकूर एका एसएमएसमध्ये आरामात बसतो.

आपण वर्षानुवर्षं मराठी रोमनमध्ये टाइप केली, त्याला आळस म्हणणारे खूप भेटतात. त्यात हे गणित धरलेलं नसतं. नंतर प्रमाणकात भाषांचे वेगळे ७ बिटी तक्ते आले. त्या यादीत हिंदी, गुजराती, तमिळ, बंगाली आहेत. मराठीचं वेगळं नाव नाही, पण हिंदीचा तक्ता देवनागरीचाच. तो वापरला तर एका संदेशात दीडशेच्या आसपास चिन्हं मावू शकतात. मात्र त्यासाठी दोन्ही बाजूंच्या फोनना तो तक्ता समजावा लागतो. इतकं होईपर्यंत लोक इंटरनेटवरच्या मेसेजिंगकडे वळले होते.

बटणांचंही तसंच. जुन्या कीपॅडवर एका बटणावर तीन-चार अक्षरं. टी-नाईन ही सोय शब्दकोशावरून अंदाज करायची. ४-६-६-३ दाबलं की इंग्रजीतला 'गुड' किंवा 'होम' समोर यायचा. रोमन मराठी त्या कोशात नव्हती, म्हणून टी-नाईन बंद करून एकेक अक्षर ठोकायचं. 'आई' लिहायला पाच वेळा बटण, आणि दोन 'ए' एकाच बटणावर असल्यामुळे मध्ये एक थांबा. मराठीची ही गत, तर अहिराणीची काय असणार? 'माले', 'तुले' कुठल्याही कोशात बसणारे शब्द नव्हते. आजही अहिराणीत लिहिताना फोन आपल्याला सारखा सुधारत राहतो. म्हणून जुन्या फोनची आधुनिक आवृत्ती कोणी खरंच करणार असेल तर माझी पहिली मागणी बॅटरीची नाही. बटणांवर देवनागरी नीट चालली पाहिजे आणि अहिराणी शब्द चूक समजला जाता कामा नये. जुन्या यंत्राने हे आपल्याला कधी दिलंच नव्हतं, त्यामुळे ते "परत" मिळणारही नाही.

इथे एक संकल्पना उपयोगी पडते. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या पुस्तकात स्मरणरंजनाचे दोन प्रकार सांगितले. एकाला गेलेलं जसंच्या तसं पुन्हा उभारायचं असतं, दुसरा त्या हुरहुरीकडेच निरखून बघतो. नोकिया ३३१० हा २००० सालचा फोन २०१७ मध्ये नव्याने बाजारात आला. नाव तेच, आकार साधारण तसाच. त्याच्याभोवतीचं जग मात्र तेच नव्हतं. २००५ च्या सुमाराला सगळ्यांकडेच एसएमएस होता, म्हणून उशिरा उत्तर देणं सगळ्यांना चालायचं. आज तुम्ही एकटे कीपॅड फोन घेतलात तर तुम्हाला यंत्र मिळेल, ती सूट मिळणार नाही. सूट ही सगळ्यांनी मिळून दिलेली गोष्ट असते, दुकानात ती मिळत नाही.

तर आता इच्छेचं गृहीतक करू: "कीपॅड फोन वापरला तर माझा अभ्यास जास्त होतो." तपासायचं कसं? ज्यांनी आधीच असा फोन घेतला त्यांना विचारून चालणार नाही. असा फोन घेणारा मुळातच निश्चय केलेला असतो, मग परिणाम फोनचा की निश्चयाचा? तेव्हा चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतील. आणि दोन गट पुरणार नाहीत. तिसरा गट हवा: स्मार्टफोनच, पण डेटा बंद. या तिसऱ्या गटाला कीपॅडवाल्यांइतकाच फायदा झाला, तर आपल्याला हवं होतं ते यंत्र नव्हे, इंटरनेटची गैरहजेरी. शिवाय पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे बाजूला ठेवा, नवलाई सगळ्यांनाच अभ्यासाला बसवते.

याच विषयावरचा २०१७ चा एक गाजलेला प्रयोग सांगतो की स्मार्टफोन नुसता टेबलावर असला तरी विचार करण्याची क्षमता घटते. नंतरच्या काही प्रयोगांत तो परिणाम तसा मिळाला नाही. प्रास्ताविकात पहिला संदर्भ देऊन दुसरे गाळणारे प्रबंध मी वाचलेत. असं करू नका.

"वाटणं" आणि "मोजणं" यांतला फरक समजायला आपल्याच राज्यातला एक अभ्यास वाचा. २००७ मध्ये महाराष्ट्रात रॉयटर्स मार्केट लाईट ही सेवा सुरू झाली. शेतकऱ्याला बाजारभाव, हवामान आणि पिकाचा सल्ला एसएमएसवर मिळायचा, आणि कापूस-केळी-कांद्याच्या पट्ट्यात तेव्हा याचं अप्रूप किती असेल ते सांगायला नको. मार्सेल फाफशाम्प आणि बार्ट मिंटेन यांनी राज्यातल्या १०० गावांत यादृच्छिक पद्धतीने तिचा परिणाम तपासला, निष्कर्ष २०१२ मध्ये आले. शेतकरी सांगत होते की आम्ही या माहितीवरून निर्णय घेतले. पण मिळालेल्या सरासरी भावात, पावसाने झालेल्या नुकसानीत किंवा पिकाचं वाण बदलण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. शेतकरी खोटं बोलत नव्हते. माहिती वापरणं आणि त्यातून पैसा वाढणं या दोन पायऱ्या आहेत, आणि मधल्या पायरीवर व्यापारी, वाहतूक, साठवण असं बरंच काही उभं असतं. तुमच्या अभ्यासाचंही तसंच. फोन बाजूला गेल्यामुळे वाचलेला वेळ पुस्तकाकडेच जाईल, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

जुन्या यंत्राची आधुनिक आवृत्ती मात्र आपल्या भागात आधीच आहे, फक्त ती खिशात नाही. ती विहिरीवर आहे. शेतीची थ्री-फेज वीज वेळापत्रकानुसार कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला मोटार चालू करायला शेतात जायचं म्हणजे अंधार, साप, चिखल. म्हणून स्टार्टरला सिमकार्डाचं एक यंत्र जोडतात. घरून कॉल लावायचा, ठरलेला अंक दाबायचा, मोटार सुरू. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं नॅनो गणेश हे यातलं गाजलेलं नाव. रावेर-यावलच्या केळीत किंवा शिरपूरकडच्या कापसात "मोबाईल स्टार्टर" म्हटलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्याला स्क्रीन नाही, फीड नाही. तो दिवसभर झोपतो, आपल्या वेळेला ऐकतो आणि हाक आली तरच उठतो. पेजरचीच रीत.

यातली बरीच यंत्रं टूजीवर चालतात. जिओचं जाळं सुरुवातीपासून फोरजीचं आहे, आणि देश टूजीमुक्त व्हावा अशी मागणी २०२० मध्ये मुकेश अंबानींनी जाहीरपणे केली होती. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांचं टूजी अजून आहे. ते ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी कीपॅडवाल्याला नवा फोन घेता येईल, पण बांधावरच्या डब्यातलं मॉड्यूल कोण बदलणार, कोणत्या खर्चाने, आणि तोवर रात्रीचं पाणी कसं द्यायचं? एका तालुक्यात असे स्टार्टर किती, त्यातले टूजीवर किती, हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही, वही आणि मोटारसायकल पुरते. विषय शोधताय ना? हा मोकळा आहे.