कूलर सुरू असताना स्टिरिओ किती वाजवावा?

मे महिन्याच्या संध्याकाळी नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या घराघरांत दोन आवाजांची जुंपलेली असते. खिडकीतला पत्र्याचा कूलर एकीकडे, बैठकीतला स्टिरिओ दुसरीकडे. नागपूरचा पारा 45 वर असताना कूलर बंद करायची सोय नाही, म्हणून हात व्हॉल्यूमकडे जातो. गाणं किती मोठ्यानं चाललं होतं, ते कूलर थांबला की कळतं.

कूलरच्या पंख्याची घरघर खर्जापासून वरच्या स्वरांपर्यंत पसरलेली असते आणि गाण्यातलं जे नाजूक, तेच ती आधी झाकते. तबल्याची थाप तिच्यातूनही कानी येते, तानपुरा मात्र बुडतो. तो वर काढायला आपण सगळंच गाणं वाढवतो. खोलीत कूलरचाच आवाज 60 डेसिबलच्या आसपास असला, तर गाणं सहज सत्तरी ओलांडतं. अशा वेळी व्हॉल्यूमला हात लावण्याआधी स्पीकर कूलरपासून दूर आणि आपल्या जवळ आणावेत. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज 6 डेसिबलनं वाढतो. खोलीत भिंतींमुळे थोडा कमी, पण फुकटात.

वॉटचा हिशेब तर फसवाच. सीताबर्डीच्या दुकानात 50 ऐवजी 100 वॉटचा अँप्लिफायर घेतला, तर जास्तीत जास्त 3 डेसिबल पदरात पडतात. आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते.

मग हळू आवाजात गाणं पातळ का लागतं? दोष कानाचा आहे, यंत्राचा नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवलं. आजच्या मानकानुसार 1000 हर्ट्झचा 40 डेसिबलचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच वाटायला 50 हर्ट्झच्या खर्जाला सुमारे 78 डेसिबल लागतात. जुन्या अँप्लिफायरवरचं ‘लाउडनेस’चं बटण याचसाठी असतं: हळू ऐकताना खर्ज भरून काढायला. मोठ्या आवाजातही ते दाबून ठेवणारे लोक शेजाऱ्यांचा अंत पाहतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतील, 90 मात्र चारच तास. घरात एवढं मोजत बसायची गरज नाही. शेजारी बसलेल्याशी आवाज न चढवता बोलता आलं, की व्हॉल्यूम बरोबर आहे.

भिंतीपलीकडचा हिशेब वेगळा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा 45 डेसिबल आहे. खासगी ध्वनियंत्रणेला आवाराच्या हद्दीवर फार तर 5 जास्त. वरचे स्वर भिंत बऱ्यापैकी अडवते, खर्ज मात्र आरपार जातो. तेव्हा एखाद्या रात्री दहानंतर फाटकाबाहेर उभं राहून आपलाच स्टिरिओ ऐका. नुसती धुमधुम ऐकू आली, तर आधी बास कमी करा.