खरारा कोण करणार?

तुमच्या इन्स्टावर दिवसातून एखादा तरी शित्झू येत असणारच. पांढराशुभ्र, डोक्यावर इवलीशी पोनी, मान वाकडी करून कॅमेऱ्याकडे बघणारा. रील बघितलं, लाइक ठोकलं आणि मनात आलं, यार, आपल्याकडेही असा एक पाहिजेच. मग घरच्यांच्या मागे लागणं सुरू होतं. अभ्यास करीन, पहाटे उठीन, त्याचं सगळं मीच करीन, अशा शपथा होतात. आणि एक दिवस यवतमाळातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये ते पिल्लू खरंच येतं.

पहिले सहा महिने मस्त जातात. पिल्लाचे केस मऊ असतात, थोडे असतात, कंगवा नाही फिरवला तरी चालून जातं. नंतर साधारण आठ ते बारा महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस यायला लागतात. नेमकी तेव्हाच तुमची सेमिस्टर असते. आणि एका संध्याकाळी आई विचारते, "याच्या कानामागे हे काय गठुळं झालं रे?"

इथून पुढची गोष्ट रीलमध्ये दिसत नाही. ती दिसते कुत्र्यांचे केस कापणाऱ्या, त्यांना आंघोळ घालणाऱ्या ग्रूमरच्या टेबलावर. म्हणून आज जरा टेबलाच्या त्या बाजूला उभे राहा.

समजा, तुम्हीच ग्रूमर आहात

तुमचं दुकान म्हणजे पेट शॉपच्या मागची एक खोली. एक टेबल, एक ब्लोअर, दोन क्लिपर. शनिवारची दुपार. एक जण शित्झूला काखेत धरून येतो.

"भाऊ, उद्या याचा बर्थडे आहे. मस्त आंघोळ घालून द्या. केस मात्र कापू नका बरं, लांबच ठेवा."

तुम्ही कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवता. वरून सगळं ठीक वाटतं. मग बोटं आत घालायला जाता, तर ती अडकतात. कंगवा कातडीपर्यंत पोचतच नाही. कानामागे, पट्ट्याखाली, काखेत, मांड्यांच्या आत, शेपटीच्या मुळाशी केसांची पार घोंगडी झालेली.

"शेवटचं कधी विंचरलं होतं याला?"

"आई रोजच ब्रश करते ना!"

यात खोटं काही नाही बरं. आई खरंच रोज ब्रश फिरवते. फक्त तो वरच्या वर फिरतो. केस वरून चमकतात आणि खाली, कातडीला चिकटून, गुंता वाढत राहतो. ग्रूमर मंडळींची सगळ्यात मोठी डोकेदुखी हीच. मालकाला गुंता दिसतच नाही, त्यामुळे ग्रूमर सांगतो ते पटतही नाही.

आता तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक, तास-दोन तास बसून एकेक जट ओढत सोडवायची. कुत्रा कण्हणार, चावायला येणार, आणि प्रत्येक ओढीला त्याची कातडी ताणली जाणार. दुसरा, क्लिपर कातडीजवळून फिरवून सगळं एकदम उतरवायचं. परदेशातल्या ग्रूमर लोकांमध्ये यावर एक वाक्य रुळलेलं आहे, आपल्या भाषेत सांगायचं तर "आधी दया, मग देखणेपण". म्हणून तुम्ही क्लिपर उचलता.

संध्याकाळी मालक येतो आणि दारातूनच ओरडतो, "काहून टकला केला बाप्पा याला! पैसे कायचे मागता आता?"

तुम्ही बनवलेला गुंता नाही, पण टक्कल मात्र तुमच्या नावावर. वर दुकानाला एक स्टार. कुठलाही ग्रूमर वैतागेल नाही तर काय?

जट म्हणजे नुसता गुंता नाही

जट कशी होते, ते एकदा समजून घ्या. कुत्र्याचे जुने केस गळतात. लांब किंवा कुरळे केस असलेल्या कुत्र्यात ते खाली पडत नाहीत, उरलेल्या केसांत अडकून बसतात. त्यात घर्षण आणि ओल आली की पीळ बसत जातो. म्हणूनच जटा आधी घासल्या जाणाऱ्या जागी होतात. पट्टा, हार्नेस, काख, मांड्या.

मग आपण काय करतो? आंघोळ घालतो. इथेच डाव फसतो. पाणी लागून वाळल्यावर जट सैल पडत नाही, ती आणखी घट्ट होते. शॅम्पू आत अडकतो, ओल आत राहते. म्हणून नियम साधा आहे, आधी विंचरायचं आणि मगच भिजवायचं.

एक प्रयोग करा. आपल्याच केसांची एक बट बोटाला गुंडाळा आणि ओढून धरा. पाच मिनिटं तसेच बसा. कुत्र्याला हे काखेत, चारी पायांशी, दिवसरात्र होत असतं. चालताना प्रत्येक पावलाला कातडी ओढली जाते. बोलता येत नाही म्हणून तो काय करतो, तर हात लावला की गुरगुरतो. आणि आपण म्हणतो, "आजकाल फार चिडका झालाय."

जटेखाली हवा जात नाही. तिथे कातडी लाल होते, चिघळते, बुरशी लागते. गोचिडांना तर लपायला आयतं घर मिळतं. गोचीड म्हणजे नुसतं रक्त पिणं नाही, एर्लिकिया, बबेसियासारखे जिवावर बेतणारे आजारही तिच्यातून येतात. पावसाळ्यात जखम ओली राहिली आणि माशी बसली तर अळ्याही पडतात. आणि हे सगळं केसांखाली झाकलेलं. मालकाला पहिल्यांदा कळतं ते ग्रूमरच्या टेबलावर, आणि मग संशय येतो तोही ग्रूमरवरच, "जखम तुमच्याच मशीननं झाली असेल."

जट काढणं धोक्याचंही असतं. कातडी जटेत वर ओढली गेलेली असते. घरी कात्रीनं जट कापायला गेलात तर केसांसोबत कातडीही कापली जाते. क्लिपरचं पातं तापतं, त्याचा चटका बसू शकतो. जटांनी जड झालेले कान मोकळे केले की कुत्रा जोरजोरात डोकं झटकतो आणि त्यातून कधी कधी कानाच्या पाळीत रक्त साकळतं. म्हणजे जट झाल्यावर त्रास न देणारा रस्ता शिल्लकच राहत नाही. जे काही सोपं असतं, ते जट होण्याआधीच.

"उन्हाळा आहे, हस्कीला टकला करा"

ही दुसरी ठरलेली मागणी. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. कूलरपुढे बसून आपण घामाघूम, तर या केसाळ जिवाचं काय होत असेल, असं वाटणं साहजिकच आहे. हेतू चांगला, पण उपाय चुकीचा.

हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत मऊ लोकर, वर जाड राठ केस. वरचा थर ऊन थेट कातडीवर येऊ देत नाही. तो उतरवला तर कातडी उन्हानं भाजू शकते. शिवाय केस परत येताना आतली लोकर आधी वाढते, वरचे केस मागे राहतात आणि कुत्रा कित्येक महिने ठिगळं लावल्यासारखा दिसतो. काही कुत्र्यांत पहिल्यासारखे केस परत येतही नाहीत.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, थोडा घाम पंजांना येतो. त्यामुळे उन्हाळ्यात त्याला हवं असतं ते पाणी, सावली, पंखा किंवा कूलर, आणि डांबरी रस्ता तापायच्या आत पहाटेचं फिरणं. केसांचं म्हणाल तर आतली गळालेली लोकर विंचरून काढा, म्हणजे हवा खेळती राहते. ग्रूमर हेच सांगतो, तेव्हा मालकाला वाटतं हा कामचुकारपणा करतोय!

शित्झू, ल्हासा, पूडल यांचं गणित वेगळं. त्यांचे केस आपल्या डोक्याच्या केसांसारखे वाढतच राहतात. ते कापावे लागतात, आणि आपल्या हवेत आखूड ठेवले तर उलट बरंच. लांब केस ही हौस आहे. ती करायची तर रोज विंचरण्याची तयारी हवी. लांब केसही हवेत आणि विंचरायलाही नको, असं पॅकेज कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आपल्या गोठ्यात हे ज्ञान होतंच की

आणि हे सगळं काही परदेशातून आलेलं शास्त्र नाही. मराठीत यासाठी जुना, नेमका शब्द आहे, खरारा. घोड्याला, बैलाला खरारा करायचा म्हणजे अंग घासून, विंचरून, मळ आणि गळके केस काढायचे. तुमच्यापैकी राळेगाव, घाटंजी, दारव्ह्याकडून कॉलेजला येणाऱ्या कित्येकांच्या आजोबांनी हे केलेलं असेल. विचारा त्यांना. ते सांगतील की खरारा करताना हात जनावराच्या अंगभर फिरतो, आणि कुठे सूज आहे, कुठे गोचीड आहे, कुठे दुखतंय, हे डोळ्यांआधी हाताला कळतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी आठवा. हळद-तुपानं बैलाचा खांदा शेकतात. खांदाच का? कारण जू तिथेच बसतं, घासतं ते तिथेच. आपल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असतो, अंगावर हार्नेस असतो. त्याखालची जागा तुम्ही शेवटची कधी बघितली?

ग्रूमरचंही चुकतं

एकच बाजू मांडली असं व्हायला नको. सगळेच ग्रूमर चांगले नसतात. कुणी घाई करतं, कुणी कुत्र्याला आवळून धरतं, कुणी काही न विचारता क्लिपर फिरवून मोकळं होतं. कुत्रा शांत राहावा म्हणून ग्रूमर स्वतःच औषध द्यायला निघाला, तर तिथून सरळ उठा. गुंगीचं औषध देणं हे फक्त पशुवैद्यकाचं काम. चांगला ग्रूमर आधी जटा दाखवतो, काय करावं लागेल आणि का ते सांगतो, तुमची परवानगी घेतो. तुम्हीही विचारा, काम कुठे शिकलात, मी इथे थांबून बघू का?

आणि तुम्हीही काही लपवू नका. कुत्रा चावतो, त्याला फिट येते, अंगावर गोचिडं आहेत, लस राहिली आहे, हे आधीच सांगून टाका. टेबलावरच्या माणसाचे हात त्याच्या तोंडाशी असतात.

कायद्याचं म्हणाल, तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याचं तिसरं कलम सांगतं की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्यानं त्याचं हित बघणं आणि त्याला विनाकारण वेदना होऊ न देणं हे त्याचं कर्तव्य. त्याच कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय १० ते ५० रुपये. तर्री-पोह्याच्या प्लेटीएवढा! म्हणजे दंडाच्या भीतीनं कुणी कंगवा हातात घेईल, अशी आशाच नको.

मग करायचं काय?

• लांब केसांचा कुत्रा असेल तर रोज दहा मिनिटं. टीव्ही बघता बघताही होतं. डबल कोटवाल्याला आठवड्यातून दोन-तीनदा, केसगळतीच्या दिवसांत रोज.

• एका हातानं केस वर धरा आणि खालून थोडे थोडे सोडत, मुळापासून विंचरा. ब्रशनंतर स्टीलचा कंगवा फिरवा. तो कातडीपासून टोकापर्यंत न अडकता आला, तरच काम झालं.

• कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत, पट्ट्याखाली, शेपटीखाली आधी बघा.

• आपला साबण, आपला शॅम्पू नको. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो. आंघोळीनंतर मुळापर्यंत कोरडं करा.

• छोटी जट बोटांनी हळूहळू सुटते. मोठीला कात्री लावू नका, ग्रूमरकडे जा. जखम, वास किंवा अळ्या दिसल्या तर आधी जनावरांच्या डॉक्टरकडे.

• लसीकरण झाल्यावर पिल्लाला लवकरच टेबलाची, ब्लोअरच्या आवाजाची सवय लावा.

आणि ज्यांच्या घरी अजून पिल्लू यायचंय, त्यांच्यासाठी एकच. रंग, डोळे, पोनी बघून झाली की आपल्या टाइमटेबलकडे बघा. रोजची दहा मिनिटं त्यात बसतात का? पुढच्या वर्षी शिक्षणासाठी पुण्या-नागपूरला गेलात, तर ती दहा मिनिटं घरात कोण देणार, हे आताच ठरवा. नसतील बसत, तर आपला आखूड केसांचा गावठी कुत्रा घरी आणा. या उन्हाचा तो पिढ्यान्पिढ्या सरावलेला, आठवड्यातून एकदा हात फिरवला तरी खूश.

ज्यांच्या घरी लांब केसांचा दोस्त आधीच आहे, त्यांनी हे पान बाजूला ठेवा आणि त्याच्या कानामागे बोटं घाला. अडकली, तर पुढचं काय ते तुम्हाला आता माहीत आहे.