विश्लेषण : जुन्या स्पोर्ट्स कारची बॅटरी बदलताना ‘निगेटिव्ह आधी’ का चालत नाही?

आजच्या मोटारीची बॅटरी बदलताना मेकॅनिक निगेटिव्ह केबल आधी सोडवतो. १९६२ साली आलेल्या ‘एमजीबी’ या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या सुरुवातीच्या गाड्यांत मात्र हीच सवय धोक्याची ठरते.

फरक काय?
बॅटरीचे एक टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असते. त्याला ‘अर्थ’ म्हणतात. आज ते निगेटिव्ह असते. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह होते. शिवाय तिच्या सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून १२ व्होल्ट मिळवले जात.

धोका कुठे?
अर्थ जोडलेले असताना दुसऱ्या टोकावरचा पाना पत्र्याला टेकला, तर शॉर्ट सर्किट होऊन ठिणग्या उडतात. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन त्यामुळे पेटू शकतो.

मग काय करावे?
अर्थची केबल आधी सोडवावी, शेवटी जोडावी. अनेक जुन्या गाड्या नंतर निगेटिव्ह अर्थवर बदलून घेतलेल्या असतात. त्यामुळे गाडीचे वर्ष पाहून भागत नाही. कोणती केबल पत्र्याला गेली आहे, ते पाहूनच पाना हाती घ्यावा. नवी बॅटरी उलटी जोडली गेल्यास रेडिओ किंवा अल्टरनेटर जळू शकतो.