खाडीकाठच्या जंगलाचा हिशेब : चौरस फुटाला पंधरा रुपये

अंधेरीपासून दहिसरपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जमिनीचा भाव चौरस फुटात बोलला जातो आणि तो हजारांत असतो. याच उपनगरांच्या कडेला, खाडीच्या चिखलात उभ्या असलेल्या खारफुटीचाही एक सरकारी भाव आहे. वनजमीन अन्य कामासाठी वळवायची झाल्यास प्रकल्प उभारणाऱ्या संस्थेला तिचे 'निव्वळ वर्तमान मूल्य' सरकारजमा करावे लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार सर्वांत वरच्या वर्गातील अतिदाट जंगलासाठीही हा आकडा हेक्टरी सुमारे १५ लाख ९६ हजार रुपये आहे. एका हेक्टरात १ लाख ७ हजार ६३९ चौरस फूट बसतात. भागाकार केला, तर चौरस फुटाला पंधरा रुपयेही पडत नाहीत.

ही जमिनीची किंमत नव्हे, हे येथे स्पष्ट करावयास हवे. वळवलेली जमीन कागदोपत्री वनजमीनच राहते. भरपाई असते ती जंगल गेल्याने समाजाला मुकाव्या लागणाऱ्या लाभांची. हे लाभ मोजायचे कसे, यासाठी अर्थतज्ज्ञ डॉ. कांचन चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००६ मध्ये अहवाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये असे दर निश्चित केले. नंतरची वाढ ही मुख्यतः महागाईची भरपाई आहे. जमीन अभयारण्यातील असेल, तर दर पाचपट होतो. म्हणजे ठाणे खाडीच्या अभयारण्यातील खारफुटीचा भाव चौरस फुटाला पाऊणशे रुपयांच्या आत राहतो. या रकमेशिवाय पर्यायी वनीकरणाचा खर्च वेगळा द्यावा लागतो, हे खरे. पण हजारो कोटींच्या रस्त्याच्या अंदाजपत्रकात हा सारा खर्च सहज सामावून जातो.

मग खारफुटीचे खरे मोल किती? रॉबर्ट कोस्टान्झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अंदाजात खारफुटी व भरतीच्या दलदलींपासून मिळणाऱ्या सेवांचे मूल्य हेक्टरी वर्षाला १ लाख ९४ हजार डॉलरच्या आसपास धरले होते. हा आकडा वाचून हुरळून जाण्याचे कारण नाही. त्यातील मोठा वाटा वादळ व पूर यांपासून होणाऱ्या संरक्षणाचा आणि सांडपाणी शुद्ध होण्याचा आहे. शिवाय एका किनाऱ्यावरचे मूल्य दुसऱ्या किनाऱ्याला जसेच्या तसे लावणे अनेक अर्थशास्त्रज्ञांना मान्य नाही. अधिक विश्वासार्ह वाटावा असा पुरावा आपल्याच देशात, ओडिशात मिळतो.

१९९९ च्या महाचक्रीवादळानंतर रुची बडोला आणि एस. ए. हुसैन या संशोधकांनी भितरकनिका परिसरातील तीन गावांची तुलना केली. खारफुटीच्या आडोशाला असलेल्या गावात घरटी सरासरी नुकसान ३३ डॉलर झाले. ज्या गावाला ना खारफुटी होती ना बांध, तेथे ते ४४ डॉलर होते. आणि ज्या गावाला खारफुटी नव्हती, पण सरकारी बांध होता, तेथे नुकसान तब्बल १५४ डॉलरच्या घरात गेले. बांध फुटला, खारे पाणी शेतात शिरले आणि तोच बांध आडवा आल्याने लवकर बाहेर पडेना. भिंत बांधली की किनारा सुरक्षित झाला, असे मानणाऱ्या प्रत्येक नियोजनकर्त्याने हे तीन आकडे टेबलाच्या काचेखाली ठेवावेत.

मुंबईला हा धडा २६ जुलै २००५ रोजी मिळाला. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा पाऊस कोणत्याही शहराला झेपला नसता, हे मान्य केले, तरी मिठी नदीच्या मुखाशी पाण्याला पसरायला जी खाजणे होती, ती भराव टाकून आधीच आक्रसलेली होती, हेही तितकेच खरे.

पडीक जमीन ते वन

किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ मधील. तिने खारफुटीला सर्वाधिक संरक्षण असलेल्या पहिल्या वर्गात बसवले. तरीही महसूल खात्याच्या लेखी उपनगरांतील खारफुटी म्हणजे बहुतांशी खाजण, म्हणजेच निरुपयोगी जमीन होती. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने २००४ मध्ये केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर खारफुटी तोडण्यास मनाई केली, तिच्याभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम व भराव थांबवला आणि सरकारी जमिनीवरील खारफुटी 'संरक्षित वन' म्हणून जाहीर करण्याचे आदेश दिले. सप्टेंबर २०१८ मधील अंतिम निकालात न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले. खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला गेला आणि सार्वजनिक हिताच्या प्रकल्पासाठीही न्यायालयाची परवानगी बंधनकारक झाली.

दरम्यान २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि २०१५ मध्ये त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान आले. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात महाराष्ट्रातील खारफुटीचे क्षेत्र १८६ चौरस किलोमीटर होते. २०२१ च्या अहवालात ते ३२४ झाले. यातील काही वाढ उपग्रह चित्रांची अचूकता सुधारल्यामुळे दिसते, काही वाढ खाड्यांत गाळ साचून तिवराला नवी जागा मिळाल्याने झाली. पण आदेश नसता तर यातले किती टिकले असते, असा प्रश्न उरतोच.

कायदा असूनही खारफुटी कशी मरते, हे चारकोप, मालवणी, गोराई वा लोखंडवाला संकुलाच्या मागच्या बाजूला राहणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. कुऱ्हाड क्वचितच लागते. तिवराची मुळे प्राणवायूसाठी चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. त्या श्वासमुळांवर राडारोड्याचा थर बसला किंवा भरतीचे पाणी येणारी वाट एखाद्या बांधाने अडवली, की काही महिन्यांत झाडे आपोआप वाळतात. वाळलेल्या जागेवर आणखी भराव पडतो, मग पत्र्याचे कुंपण येते, मग झोपड्या येतात. यामागचे अर्थकारण साधे आहे. पाडलेल्या इमारतीचा मलबा दूरच्या अधिकृत जागी नेण्याला डिझेल, टोल आणि वेळ लागतो. रात्री खाडीकाठी ट्रक रिकामा करण्याला यातले काहीच लागत नाही, उलट भराव हवा असलेला माणूसही भेटतो. फायदा दोघा-चौघांचा आणि रोख. तोटा लाखोंचा आणि पुढच्या पावसाळ्यावर ढकललेला. महापालिकेने २०२४ मध्ये दहिसर आणि शिळफाटा येथे राडारोड्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प सुरू केले. मलबा तेथे नेणे खाडीत टाकण्यापेक्षा स्वस्त व सोपे पडले, तरच त्यांचा खाजणांना उपयोग होईल. नुसत्या गस्तीने हा व्यवहार थांबत नाही, कारण गस्त दिवसा असते.

फ्लेमिंगोचे सांडपाणी

पूर्व उपनगरांचे चित्र वेगळे आहे. ठाणे खाडीचा १,६९० हेक्टर भाग ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला. त्यात सुमारे ८९६ हेक्टर खारफुटी आणि ७९४ हेक्टर पाणी. २०२२ मध्ये या खाडीला रामसर पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भांडुप उदंचन केंद्राजवळ हिवाळ्यात दुर्बिणी घेऊन येणाऱ्यांची गर्दी आता मुंबईकरांच्या परिचयाची आहे.

गंमत अशी, की हे गुलाबी पाहुणे काही अंशी मुंबईच्या गटारांवर पोसले जातात. सांडपाण्यातील नत्र व स्फुरदामुळे चिखलावर शेवाळ माजते आणि तेच फ्लेमिंगोचे खाद्य. त्याच सांडपाण्याने खाडीतील मासळी मात्र घटवली. वरळी, वांद्रे, मालाड, वर्सोवा, घाटकोपर, भांडुप आणि धारावी येथील सात मलजल प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले. खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये आणि एकत्रित क्षमता दिवसाला २,४६० दशलक्ष लिटर. पाणी स्वच्छ होणे अत्यावश्यकच आहे. पण त्यानंतर शेवाळ, पक्षी आणि मासे यांचे गणित बदलेल आणि ते बदल टिपण्याची तरतूद प्रक्रिया केंद्रांइतकीच आधीपासून हवी. पक्ष्यांना नुसती खाडी पुरत नाही, भरतीच्या वेळी बसायला पलीकडची पाणथळही लागते आणि त्यांचा येण्याजाण्याचा मार्ग विमानांच्या मार्गाला छेदतो. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपर येथे दुबईहून येणाऱ्या विमानाच्या धडकेने ३९ फ्लेमिंगो मरण पावले, तेव्हा ही बाब प्रथमच सर्वसामान्यांच्या लक्षात आली.

खाडीच्या याच कडेला शहराला नको असलेल्या गोष्टीही ठेवल्या जातात. कांजूरमार्गच्या कचराभूमीचे प्रकरण यात बोलके आहे. तेथील सुमारे १२० हेक्टर जमीन खारफुटीमुळे संरक्षित वनात आली होती, २००९ मध्ये ती वगळण्यात आली. 'वनशक्ती'च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ते वगळणे रद्द ठरवले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. दोन्ही बाजूंना वजन आहे, कारण शहराच्या कचऱ्याचा सर्वांत मोठा भार याच जागेवर आहे आणि पर्यायी जागा कोणतेच उपनगर देऊ इच्छीत नाही. शेजारच्या मिठागरांचेही तसेच. कांजूर, भांडुप, मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीकरांच्या पुनर्वसनासाठी घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. मिठागर ओसाड दिसते. भरतीचे व पावसाचे पाणी ते काही तास धरून ठेवते, याची नोंद मात्र कोणत्याही ताळेबंदात नाही.

झाडाच्या बदल्यात झाड

मोठ्या प्रकल्पांना परवानगी मिळते ती बहुतेकदा दुप्पट, तिप्पट, पाचपट लागवडीच्या अटीवर. अटींचा उपयोग होतच नाही, असे नाही. बुलेट ट्रेनसाठी सुरुवातीला ५३ हजारांहून अधिक खारफुटी बाधित होणार होती. आराखड्यात बदल झाल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली ती सुमारे २२ हजार झाडांची. खाडीखालून सात किलोमीटरचा बोगदा जातो, तोही अभयारण्य वाचावे म्हणून. वर्सोवा-भाईंदर सागरी किनारा मार्गासाठी ४५ हजारांहून अधिक झाडे तोडण्याची परवानगी उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये महापालिकेला दिली. बदल्यात तिप्पट खारफुटी लावण्याचे वचन आहे आणि पर्यायी वनीकरणाची जमीन चंद्रपूर जिल्ह्यात आहे.

चंद्रपूरला समुद्र नाही. तेथे लावलेला साग वा बांबू वाढेलही, पण तो मालाडच्या खाडीतली भरती अडवणार नाही. किनाऱ्यावर लावायची तर जागा कोठली? जेथे भरतीचे पाणी पोचते आणि तिवर जगू शकते, तेथे ते बहुधा आधीच उगवलेले असते. उरतो तो उघडा चिखल, आणि तेथे रोपे लावली, की पाणपक्ष्यांचे चरण्याचे मैदान जाते. म्हणूनच सागरी जीवशास्त्राचे अभ्यासक नव्या लागवडीपेक्षा अडवलेले पाणी मोकळे करण्यावर भर देतात. ओहोळ साफ केला, बांध फोडला, तर बिया भरतीबरोबर स्वतः येतात. हे काम स्वस्त आहे, पण त्यात मोजता येण्याजोगी रोपे नसतात आणि अहवालाला आकडा लागतो. आणखी एक अडचण संस्थात्मक आहे. कांदळवन प्रतिष्ठानच्या निधीत प्रकल्पकारांनी भरलेल्या रकमांचाही वाटा आहे. संवर्धनाची तिजोरी ऱ्हासाच्या परवान्यांतून भरत असेल, तर ती भरलेली असण्याचा आनंद मर्यादितच म्हणायला हवा.

या साऱ्या व्यवहारात ज्यांचा हिस्सा सर्वांत आधी जातो आणि सर्वांत शेवटी आठवतो, ते कोळी बांधव. चिंबोऱ्या, बोय, निवट्या, जिताडा यांची पिल्ले खारफुटीच्या मुळांतच वाढतात. त्यामुळे खाजण गेले, की वर्सोवा, मढ, मनोरी, गोराईच्या मासेमाराचे उत्पन्न घटते, आणि त्याला निव्वळ वर्तमान मूल्यातून एक पैसाही थेट मिळत नाही. ती रक्कम वनीकरण निधीत जमा होते. राज्य सरकारच्या २०१७ च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत खेकडापालन, कालवे व शिंपले संवर्धन, शोभिवंत मासे यांसाठी गटांना मोठे अनुदान मिळते. तिचा प्रसार मुख्यतः सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे झाला. मुंबईच्या खाड्यांचे पाणी अशा संवर्धनाला फारसे अनुकूल नाही.

किनाऱ्यावरच्या माणसाला संवर्धनाचा मोबदला हातात देणारी एक छोटी योजना मात्र येथे नमूद करावी. मासेमाराच्या जाळ्यात समुद्री कासव, देवमासा किंवा डॉल्फिन अडकला, तर त्याला सोडण्यासाठी जाळे कापावे लागते आणि कापलेले जाळे म्हणजे आठवड्यांची कमाई. डिसेंबर २०१८ पासून राज्य सरकार अशा जाळ्यासाठी कमाल २५ हजार रुपयांची भरपाई देते. त्यासाठी मासेमाराने प्राणी सोडतानाचे छायाचित्र आणि अर्ज सादर करावयाचा असतो.