आधीं पुठ्ठा, मग सागवान

घरीं जुळविलेला ॲम्प्लिफायर प्रथम वाजूं लागला कीं करणाराचा आनंद गगनांत मावत नाहीं. परंतु घरांतील इतर मंडळींस तेथें दिसतो तो केवळ तारांचा गुंता. मग त्यास लांकडी पेटी हवी असें ठरतें, आणि बहुधा येथेंच चूक होते. पेटीचें रूप आधीं ठरतें व यंत्रानें तींत कसेंबसें मावावें अशी अपेक्षा केली जाते. खरा क्रम याच्या उलट आहे, हें आमच्या घरीं एका फळीनें शिकविलें.

आमच्या पुतण्यानें मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून एल. एम. ३८८६ या आय. सी.च्या जोडीवर ॲम्प्लिफायर तयार केला. पेटीसाठीं त्याचा डोळा माळ्यावरील सागवानी फळीवर होता. ती आमच्या जुन्या घरांतील झोपाळ्याची. लग्न होऊन आल्यापासून मातोश्रींच्या कित्येक दुपारी तिच्यावर गेलेल्या. त्यानें भीतभीतच विचारलें. मातोश्री म्हणाल्या, "माळ्यावर धूळ खाण्यापेक्षां कामीं येऊं दे. पण बाळ, फळी एकदांच कापतां येते. आधीं पुठ्ठा काप."

पुठ्ठ्यावर सर्व भाग मांडून वाजवून पाहतांच पहिला दोष उघडा पडला. जागा वांचविण्यासाठीं त्यानें ट्रान्सफॉर्मर आवाज आंत घेणाऱ्या तारांशेजारीं ठेवला होता. घरगुती वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. ट्रान्सफॉर्मरभोंवतीं तिचें चुंबकीय क्षेत्र पसरतें, शेजारच्या नाजूक तारा तें टिपतात व गाण्यामागें सतत घूंघूं ऐकूं येते. लांकूड हें क्षेत्र मुळींच अडवीत नाहीं. अंतर हाच त्यावर साधा उपाय. ट्रान्सफॉर्मर एका टोंकास व तारा दुसऱ्या टोंकास गेल्या, आणि पेटीची लांबी चार इंचांनीं वाढली.

नंतर प्लायवूडची कच्ची पेटी केली. तासाभरांत गाणें मधेंच तुटूं लागलें. घेतलेल्या विजेचा मोठा वाटा उष्णतेच्या रूपानें बाहेर पडतो, आणि फार तापल्यास स्वतःस बंद करण्याची सोय या आय. सी.त असते. ॲल्युमिनियम लांकडाच्या हजारपटींहून अधिक सुलभतेनें उष्णता वाहून नेतें; म्हणून बंद लांकडी पेटी ही यंत्रास दुलईच होय. शिवाय आंतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचें आयुष्य दर १० अंश सेल्सिअस वाढीगणिक सुमारें निम्मे होतें, असा ढोबळ हिशेब आहे. तेव्हां चुलीस जसें धुराडें, तशी पेटीस वाट हवी: बुडाशीं गार हवा आंत येण्यास फटी, माथ्यावर ऊन हवा बाहेर जाण्यास फटी, व खालीं अर्धा इंच उंचीचे रबरी पाय. हीटसिंक, म्हणजे उष्णता सोडणारा ॲल्युमिनियमचा पाकळ्यांचा ठोकळा, मागील बाजूस पेटीबाहेर उभा बसविला. घरांत लहान मुलें असल्यानें फटी एक सूत रुंदीच्याच ठेवल्या.

लांकूड हा यंत्राचा पोशाख आहे, कवच नव्हे. आंत पत्र्याची बैठक असावी व ती अर्थिंगला पक्की जोडावी. म्हणजे २३० व्होल्टची तार सुटून पत्र्यास लागली तर फ्यूज जाईल, घरच्या माणसावर बेतणार नाहीं. ही जोडणी जाणत्याकडून तपासून घ्यावी.

सागवानाची पाळी सर्वांत शेवटीं आली. लांकूड रेषांच्या आडव्या अंगानें पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आटतें. लांबीकडे जवळजवळ नाहीं. म्हणून तळ, माथा व दोन्ही कुशी यांवर रेषा एकाच ओळींत फिरत्या ठेवल्या, म्हणजे चारही फळ्या बरोबरीनें फुगतात. मागील पत्र्याचीं स्क्रूचीं भोंकें लांबट केलीं. कोपरे गुण्यांत आहेत हें पाहिल्यावरच सरस लावला.

दर्शनी बाजूस फळीचें तें टोंक आलें, जेथें झोपाळ्याच्या कडीचें भोंक होतें. पुतण्या तें बुजविणार होता, मातोश्रींनीं थांबविलें. मग मागून पटाशीनें लांकूड पातळ करून आवाज कमीजास्त करण्याची कळ त्याच भोंकांत बसविली. दुपारीं मातोश्री ती फिरवून गाणें हळू करतात. घरांत कोणी ना कोणी निजलेलें असतें.